लिव्हर-ॲक्शन रायफल

लिव्हर-ॲक्शन रायफल किंवा तरफचालित रायफल ही लागोपाठ अनेक गोळ्या झाडता येणारी, परंतु प्रत्येक गोळीमागे हाताने चालवावी लागणारी बंदूक होय. चापाभोवतीचे कडे आणि त्याला जोडलेली तरफ खाली व पुढे ढकलली की झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. तरफ परत वर ओढली की नवे काडतूस नळीत बसते आणि घोडा ताणलेल्या स्थितीत राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या रायफलींचा विकास झाला. विंचेस्टर, मार्लिन आणि सॅव्हेज या तिच्या प्रमुख निर्मात्या कंपन्या होत.

आवडती लिव्हर-ॲक्शन रायफल कोणती, हा अमेरिकेतील शिकारी, नेमबाज आणि संग्राहक यांच्यात शतकाहून अधिक काळ चालत आलेला वाद आहे. सर्वाधिक प्रसिद्ध, सर्वाधिक खपलेली आणि सर्वांत भक्कम रायफल एकच नसल्यामुळे त्याला सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही. या रायफलींची अंतर्गत रचना आणि त्यांत वापरली जाणारी काडतुसे पाहिली म्हणजे हा मतभेद समजू शकतो.

रचना

बहुतेक लिव्हर-ॲक्शन रायफलींत काडतुसे नळीच्या खाली बसविलेल्या लांब नळकांड्यात एकामागे एक आडवी ठेवलेली असतात. या नळकांड्याला नलिका-मॅगझिन म्हणतात. एका स्प्रिंगने काडतुसे मागे ढकलली जातात आणि तरफ चालविली की मागचे काडतूस एका उचलपट्टीवरून वर येते. नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या भागास बोल्ट म्हणतात. काडतूस पेटल्यावर निर्माण होणारा वायूचा दाब पुंगळीला मागे रेटतो. हा रेटा बोल्टने आणि त्याला जागी धरून ठेवणाऱ्या कुलूपयंत्रणेने सोसावयाचा असतो. कोणत्या रायफलीत किती जोरकस काडतूस वापरता येईल, हे मुख्यत: या कुलूपयंत्रणेवर ठरते. एका मॉडेलनंतर दुसरे मॉडेल का निघाले, याचे कारणही बहुधा तेथेच सापडते.

नलिका-मॅगझिनची एक मर्यादा महत्त्वाची आहे. त्यात प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेले असते आणि बुडाच्या मध्यभागी ठिणगी पाडणारा प्रायमर असतो. गोळी टोकदार व कठीण असेल, तर बंदुकीच्या धक्क्याने ती पुढच्या प्रायमरवर आपटून मॅगझिनमध्येच स्फोट होण्याचा धोका असतो. म्हणून या रायफलींत चपट्या किंवा बोथट टोकाच्या गोळ्या वापरतात. बोथट गोळीला हवेचा अडथळा अधिक होतो व तिचा वेग लवकर घटतो. लिव्हर-ॲक्शन रायफल जवळच्या पल्ल्याची समजली जाते ती बऱ्याच अंशी यामुळे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हॉर्नडी या कंपनीने मऊ पॉलिमरचे टोक असलेल्या गोळ्या बाजारात आणल्या, त्यामुळे ही अडचण काहीशी कमी झाली.

काळ्या दारूच्या काळातील अमेरिकन काडतुसांची नावे दोन आकड्यांची असत. उदाहरणार्थ, .४४-४० यातील पहिला आकडा गोळीचा नाममात्र व्यास इंचाच्या शतांशांत दाखवितो आणि दुसरा दारूचे वजन ग्रेनमध्ये सांगतो. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.

आरंभीच्या रायफली

वॉल्टर हंट या न्यू यॉर्कमधील संशोधकाने १८४९ साली एका पुनरावर्ती रायफलीचे पेटंट घेतले. तिची यंत्रणा नाजूक होती. पुढे होरेस स्मिथ व डॅनियल वेसन यांनी तिच्या सुधारित रूपावर काम केले आणि त्यातून व्होल्कॅनिक ही कंपनी उभी राहिली. तिच्या बंदुकांची गोळी पोकळ असे व दारू त्या पोकळीतच भरलेली असे. ही दारू इतकी थोडी होती की गोळीत जोर राहत नसे. कंपनी डबघाईला आली तेव्हा शर्टांचा कारखाना चालविणारे ऑलिव्हर विंचेस्टर यांनी ती ताब्यात घेतली. बंदुकांच्या इतिहासातील सर्वपरिचित नाव मुळात एका शर्ट-व्यापाऱ्याचे आहे.

विंचेस्टर यांच्या कारखान्याचे प्रमुख बेंजामिन टायलर हेन्री यांनी धातूची पुंगळी असलेले .४४ व्यासाचे काडतूस आणि त्याला साजेशी रायफल तयार केली. १६ ऑक्टोबर १८६० रोजी तिचे पेटंट मिळाले. तिच्या मॅगझिनमध्ये १६ काडतुसे मावत. तोंडाकडून एकेक गोळी भरावयाच्या बंदुका सर्रास वापरात असताना हा आकडा विलक्षण होता. अमेरिकन यादवी युद्धात अनेक उत्तरी सैनिकांनी हेन्री रायफल स्वत:च्या पैशांनी विकत घेतली. रविवारी एकदा भरली की आठवडाभर झाडता येणारी बंदूक, असे दक्षिणेकडील सैनिक तिच्याविषयी म्हणत, अशी आख्यायिका आहे. तथापि हेन्री रायफलीत उणिवा होत्या. मॅगझिनच्या खालच्या बाजूस लांब उघडी फट असल्याने माती आत जाई. नळीखाली लाकडी पकड नसल्याने काही फैरींनंतर तापलेली नळी हाताला चटके देई. १८६६पर्यंत अशा सुमारे १४,००० रायफली बनल्या.

याच युद्धात क्रिस्टोफर स्पेन्सर यांची सात काडतुसांची रायफलही वापरली गेली. तिचे मॅगझिन दस्त्यात असे. ऑगस्ट १८६३मध्ये स्पेन्सर यांनी ती स्वत: राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना दाखविली. तिची तरफ चालविल्यावरही घोडा हाताने वेगळा ताणावा लागे, त्यामुळे हेन्रीच्या तुलनेत ती मंद होती; सैन्याने मात्र सरकारी खर्चाने अधिक संख्येने घेतली ती स्पेन्सरच.

१८६६मध्ये विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनी स्थापन झाली आणि तिने हेन्रीची सुधारित आवृत्ती काढली. नेल्सन किंग यांच्या योजनेनुसार सांगाड्याच्या उजव्या बाजूस एक स्प्रिंगची झडप बसविण्यात आली. तिच्यातून काडतुसे मागून भरता येऊ लागली. मॅगझिन बंदिस्त झाले व नळीखाली लाकडी पकड बसविता आली. पिवळसर मिश्रधातूच्या सांगाड्यामुळे या मॉडेलला ‘यलो बॉय’ हे टोपणनाव पडले.

१८७३चे मॉडेल

विंचेस्टर १८७३ हे या घराण्यातील सर्वांत गाजलेले मॉडेल होय. सांगाडा प्रथम लोखंडाचा व नंतर पोलादाचा करण्यात आला आणि .४४-४० हे मध्यभागी प्रायमर असलेले नवे काडतूस त्यासाठी तयार झाले. हे काडतूस पुंगळीत पुन्हा दारू व गोळी भरून वापरता येत असे. दुकानापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या वसाहतवाल्याला ही मोठीच सोय होती. पुढे कोल्ट कंपनीने याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर काढले, त्यामुळे एकाच पट्ट्यातील काडतुसे दोन्ही शस्त्रांना चालू लागली. १९२३पर्यंत या मॉडेलच्या सुमारे ७,२०,००० रायफली तयार झाल्या.

या रायफलीची कुलूपयंत्रणा हेन्रीचीच होती. बोल्टमागे सांध्याने जोडलेल्या पट्ट्या असतात. तरफ मिटली की त्या गुडघा ताठ करावा तशा एका रेषेत येतात आणि रेटा अडवितात. ही रचना हाताला अतिशय सुलभ लागते, पण ती कमकुवत आहे. सांगाडा मोठा करून कंपनीने १८७६चे मॉडेल काढले आणि कॅनडाच्या नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी ते स्वीकारले, तरीही सैन्याचे.४५-७० हे लांब काडतूस त्यातही मावत नव्हते. जुन्या १८७३मध्ये आजची जोरकस काडतुसे झाडणे धोकादायक मानले जाते.

१८७०च्या दशकात कंपनीने चाचणीत विशेष अचूक ठरलेल्या नळ्या निवडून त्यांच्या रायफलींवर ‘हजारात एक’ अशा अर्थाची अक्षरे कोरली आणि त्या १०० डॉलरला विकण्यास काढल्या. अशा १८७३च्या रायफली दीडशेहून कमी बनल्या. १९५०च्या ‘विंचेस्टर ७३’ या अँथनी मान दिग्दर्शित चित्रपटाची कथा अशाच एका रायफलीभोवती फिरते. प्रसिद्धीसाठी चित्रपट कंपनीने उरलेल्या रायफलींचा जाहिरातींद्वारे शोध घेतला, त्यामुळे काही घरांतल्या जुन्या बंदुका एकाएकी मौल्यवान ठरल्या.

ब्राउनिंग यांची मॉडेले

यूटामधील ऑग्डेन येथील जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी लिव्हर-ॲक्शनचे स्वरूप पालटले. १८८६च्या मॉडेलमध्ये त्यांनी सांध्याच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि बोल्टच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत वरखाली सरकणारे दोन पोलादी ठोकळे बसविले. तरफ मिटताच हे ठोकळे बोल्ट व सांगाडा एकत्र जखडतात. .४५-७० आणि त्याहून मोठी काडतुसे पेलणारी ही रायफल अनेक जाणकार सर्वांत उत्तम बांधणीची मानतात; तिचे वजन सुमारे ४ किलोग्रॅम असल्याने दिवसभर खांद्यावर वागविणे मात्र सोपे नाही.

कंपनीला हीच रचना लहान काडतुसांसाठी हवी होती. तीन महिन्यांत नमुना दिल्यास १०,००० डॉलर व दोन महिन्यांत दिल्यास १५,००० डॉलर अशी तयारी कंपनीने दाखविली. ब्राउनिंग यांनी एका महिन्यात देतो, २०,००० द्या, उशीर झाल्यास काहीच नको, असे उत्तर दिले, अशी हकीकत त्यांच्या कुटुंबाकडून सांगितली गेली आहे. १८९२चे मॉडेल त्यातून जन्मले. हलके, आटोपशीर आणि आपल्या काडतुसांच्या मानाने कितीतरी अधिक भक्कम असे हे मॉडेल दहा लाखांहून अधिक संख्येने बनले. हॉलिवूडच्या चित्रपटांत सर्वाधिक दिसते तेही हेच. ‘स्टेजकोच’ (१९३९) या चित्रपटात जॉन वेन मोठ्या कड्याची जी रायफल हातात फिरवितो ती १८९२चीच आहे; कथेचा काळ मात्र १८८०च्या आसपासचा आहे. असा कालविपर्यास या चित्रपटप्रकारात नेहमीचाच आहे, आणि आवडीनिवडी घडविण्यात खऱ्या इतिहासापेक्षा पडद्याचाच वाटा मोठा दिसतो.

१८९४चे मॉडेल ब्राउनिंग यांच्या रायफलींत सर्वाधिक खपले. त्यात बोल्टच्या मागे एकच ठोकळा वर चढतो. हे मॉडेल प्रथम काळ्या दारूच्या काडतुसांसाठी निघाले. परंतु १८९५मध्ये धूरविरहित दारूचे.३०-३० हे काडतूस त्यात आले आणि रायफलीचे भाग्य उजळले. त्याची नेहमीची १७० ग्रेनची गोळी सुमारे २,२०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते. दाट रानात दीड-दोनशे यार्डांच्या आत हरिणाची शिकार करण्यास एवढा जोर पुरेसा असतो. वजन सुमारे ३ किलोग्रॅम, अंग चपटे आणि घोड्याच्या खोगिराला अडकविण्यास सोयीचे. म्हणून गुराखी, वनरक्षक व शेतकरी या सर्वांनी ती जवळ केली. तिची दशलक्षावी प्रत राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट देण्यात आली होती. न्यू हेवन येथील उत्पादन २००६मध्ये थांबेपर्यंत सत्तर लाखांहून अधिक रायफली बनल्या होत्या. पुढे जपानमधील मिरोकू कारखान्यात तिचे उत्पादन पुन्हा सुरू झाले.

१९६४मध्ये खर्च कमी करण्यासाठी कंपनीने काही भागांची घडण बदलली आणि ओतीव व दाबीव भाग वापरले. तेव्हापासून ‘चौसष्टपूर्वीची’ हा शब्दप्रयोग ग्राहकांत रूढ झाला. चौसष्टपूर्वीच्या जुन्या रायफलीला आजही अधिक किंमत येते. नंतरच्या वर्षांत कंपनीने दर्जा पुष्कळ सुधारला, तरी गेलेला लौकिक पूर्णपणे परत मिळाला नाही.

१८९५च्या मॉडेलमध्ये ब्राउनिंग यांनी नलिका-मॅगझिन सोडून चापाच्या पुढे पेटीसारखे मॅगझिन दिले. टोकदार गोळ्या वापरता येऊ लागल्या आणि सैन्याची धूरविरहित काडतुसेही चालू लागली. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९च्या पूर्व आफ्रिकेतील शिकारमोहिमेत याच मॉडेलची .४०५ रायफल नेली होती. पहिल्या महायुद्धात रशियाने आपल्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी जवळपास तीन लाख रायफली मागविल्या.

मार्लिन व सॅव्हेज

जॉन मार्लिन यांच्या कंपनीने १८८९पासून सांगाडा वरून बंद ठेवून पुंगळी बाजूने बाहेर फेकण्याची रचना स्वीकारली. त्या वेळी हा भेद किरकोळ वाटला असेल. विसाव्या शतकात दुर्बिणी स्वस्त झाल्यावर तो निर्णायक ठरला. विंचेस्टर १८९४मधून पुंगळी सरळ वर उडत असल्याने तिच्यावर दुर्बीण नीट बसविता येत नसे; मार्लिनवर सहज बसे. विंचेस्टरने यावर उपाय केला तो १९८०च्या दशकात. १९४८मध्ये आलेले मार्लिन ३३६ हे मॉडेल म्हणूनच १८९४चे खरे प्रतिस्पर्धी झाले. त्याचा आणखी एक गुण म्हणजे तरफेचा एक स्क्रू काढला की बोल्ट बाहेर येतो आणि नळी मागून साफ करता येते. १८९४ खोलणे हे त्या मानाने जिकिरीचे काम आहे. मार्लिनच्या .२२ व्यासाच्या छोट्या रायफलींवर अमेरिकेतील कित्येक पिढ्या नेमबाजी शिकल्या. २०२०मध्ये मार्लिनचा व्यवसाय रुगर कंपनीने विकत घेतला.

जमैकात जन्मलेले आर्थर सॅव्हेज यांची १८९९ची रायफल या सर्वांहून वेगळी आहे. तिला बाहेर दिसणारा घोडा नाही. काडतुसे एका फिरत्या चकतीच्या खाचांत बसतात आणि किती उरली हे डाव्या बाजूच्या छोट्या खिडकीतील आकड्यावरून कळते. काडतुसे एकमेकांस टेकत नसल्याने टोकदार गोळ्यांची भीती उरली नाही. १९१५मध्ये याच रायफलीसाठी निघालेल्या .२५०-३००० या काडतुसाच्या नावातील दुसरा आकडा दारूचा नसून ३,००० फूट प्रतिसेकंद या वेगाचा आहे. तांत्रिकदृष्ट्या सॅव्हेज १८९९ आपल्या काळाच्या पुष्कळ पुढे होती. तरी ती कोणत्याही दंतकथेचा भाग झाली नाही, बहुधा गुराख्यांच्या चित्रपटांत न शोभणाऱ्या तिच्या गुळगुळीत आधुनिक रूपामुळे.

रणांगणावरील स्थान

‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ हे विंचेस्टर १८७३चे बिरुद जाहिरातीतून रूढ झाले. अमेरिकन सैन्याची नेहमीची बंदूक विंचेस्टर कधीच नव्हती. २५ जून १८७६ रोजी मोंटानातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर यांच्या सातव्या घोडदळाजवळ एकेक काडतूस भरावयाच्या स्प्रिंगफील्ड बंदुका होत्या. लाकोटा व शायान योद्ध्यांपैकी अनेकांजवळ हेन्री आणि विंचेस्टर रायफली होत्या, तर इतरांजवळ धनुष्यबाण आणि जुन्या बंदुका होत्या. कस्टर व त्यांच्या तुकडीतील दोनशेहून अधिक सैनिक तेथे मारले गेले. १९८३च्या वणव्याने तेथील गवत जळून गेल्यावर पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. पुंगळ्यांवरील आघाताच्या खुणा तपासून त्यांनी वेगवेगळ्या बंदुका ओळखल्या. त्यांत हेन्री तसेच १८६६ व १८७३च्या विंचेस्टर निघाल्या. पश्चिमेकडील भूमी ज्यांच्याकडून घेतली गेली, त्यांच्या हातातही हीच बंदूक होती, ही गोष्ट त्या बिरुदात झाकली जाते.

१८७७मध्ये प्लेव्हना येथे उस्मान पाशा यांच्या ऑटोमन सैन्याने लांबच्या पल्ल्यावर पीबॉडी-मार्टिनी आणि जवळ आलेल्या शत्रूवर १८६६च्या विंचेस्टर वापरून रशियन हल्ले परतविले. युरोपातील सैन्यांचे लक्ष पुनरावर्ती बंदुकांकडे वेधले जाण्यास ही लढाई कारण ठरली. मात्र त्यांनी स्वीकारल्या त्या बोल्ट-ॲक्शन बंदुका. जमिनीवर पालथे पडून तरफ खाली ढकलणे अवघड असते आणि बोल्ट-ॲक्शनची यंत्रणा अधिक दाब सोसते, ही त्याची मुख्य कारणे होत.

आवडत्या रायफलीची निवड

निवडीत पहिला विचार काडतुसाचा केला जातो. रानातील हरिणासाठी .३०-३०ची १८९४ किंवा मार्लिन ३३६, अस्वल वा एल्कसाठी .४५-७०ची मार्लिन १८९५ किंवा १८८६ची प्रतिकृती, लांबच्या पल्ल्यासाठी सॅव्हेज ९९ किंवा ब्राउनिंग बीएलआर, आणि शिकाऊ नेमबाजासाठी .२२ असा साधारण संकेत आहे. दृष्टी मंदावलेल्या शिकाऱ्याला दुर्बीण लागते. तो बहुधा मार्लिनकडे वळतो. डावखुऱ्या व्यक्तीला लिव्हर-ॲक्शन बोल्ट-ॲक्शनपेक्षा सोयीची पडते, कारण तरफ मध्यभागी असते.

कायद्याचाही परिणाम होतो. अमेरिकेतील काही राज्यांत हरिणांच्या शिकारीस सरळ भिंतीच्या पुंगळीचीच काडतुसे चालतात, तेथे.४५-७० आणि .४४ मॅग्नम यांना मागणी असते. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्याने .२२ वगळता स्वयंभरण रायफलींवर आणि १९९७मध्ये बहुतेक पिस्तुलांवर बंदी आल्यानंतर अनेक क्रीडा-नेमबाज पिस्तुलाची काडतुसे वापरणाऱ्या लिव्हर-ॲक्शनकडे वळले.

सर्वांत उद्बोधक उदाहरण ‘काउबॉय ॲक्शन’ या नेमबाजीच्या क्रीडाप्रकाराचे आहे. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या स्पर्धांत जुन्या काळातील पोशाख करून पोलादी लक्ष्यांवर कमी दारूची काडतुसे झाडतात व वेळ मोजतात. यांत १८७३च्या इटालियन प्रतिकृती सर्वाधिक पसंत केल्या जातात. ज्या सांध्याच्या पट्ट्यांमुळे ही यंत्रणा कमकुवत ठरली व मागे पडली, त्याच पट्ट्यांमुळे तिची तरफ सर्वांत सुलभ चालते. हलक्या काडतुसांना भक्कमपणाची गरज नसल्याने तिचा दोष येथे आड येत नाही. १८९२ची यंत्रणा अधिक मजबूत असूनही या खेळात ती दुसऱ्या पसंतीची आहे.

आजची हेन्री रिपीटिंग आर्म्स ही कंपनी १९९०च्या दशकात ब्रुकलिन येथे सुरू झाली. बेंजामिन टायलर हेन्री यांच्या मूळ कारखान्याशी तिचा नावाखेरीज संबंध नाही. जुन्या रायफली विकत घेणाऱ्यांची या नावाने अनेकदा गल्लत होते.

भारतात

ब्रिटिश भारतात परिचित असलेली मार्टिनी-हेन्री ही बंदूकही तरफेने उघडते, त्यामुळे तिला कधीकधी लिव्हर-ॲक्शन म्हटले जाते. तिला मॅगझिन नसून प्रत्येक काडतूस हाताने भरावे लागते. शिवाय तिच्या नावातील हेन्री हे एडिंबरोचे अलेक्झांडर हेन्री होत. खऱ्या अर्थाची लिव्हर-ॲक्शन भारतात क्वचित वापरली गेली, कारण येथील शिकाऱ्यांची पसंती ब्रिटिश दुनळी व बोल्ट-ॲक्शन रायफलींना होती. जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी बोल्ट-ॲक्शनच होती. दक्षिण भारतातील नरभक्षक वाघ व बिबट्यांविषयी लिहिणारे केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) हे ठळक अपवाद होत, ते.४०५ काडतुसाची विंचेस्टर १८९५ वापरीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशी शिकार बंद झाली. रायफल बाळगण्यास १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना आवश्यक असून, २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात.